फोटोतली स्वस्ताई

जुना फोटो हातात आला की आधी माणसं बघावीत, असा शिष्टाचार आहे. पण नजर जाते ती मागच्या दुकानाच्या पाटीवर. पाटीवर भावाचा एक आकडा, तोही अर्धा कुणाच्या तरी डोक्याआड, आणि लगेच सुस्कारा: काय स्वस्ताई होती!

सुस्काऱ्याआधी भिंग घ्यावं. दहापट मोठं दाखवणारं पुरतं. फोटो सपाट ठेवून उजेड बाजूने, तिरपा पाडायचा. समोरून पाडला की कागद चकाकतो आणि ३ चा ८ होतो. स्कॅन करायचा तर ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, बास. कागदावरच्या फोटोत याहून जास्त तपशील क्वचितच असतो, नुसती फाइल फुगते. निगेटिव्ह सापडली तर मात्र चंगळ. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम २४ बाय ३६, म्हणून तिथे २४०० च्या खाली उतरू नये. छापताना कडेला कापली गेलेली पाटी निगेटिव्हमध्ये अख्खी मिळू शकते. अक्षरं उलटी आली तर निगेटिव्ह पालथी पडली आहे, एवढंच. आणि आकड्याखालचं बारीक अक्षर वाचायचंच. भाव डझनाचा की नगाचा, किलोचा की पाव किलोचा, यावर सुस्काऱ्याची लांबी ठरते.

एवढं करूनही निम्माच हिशेब हाती लागतो, कारण पाटीवर भाव असतो, पगार नसतो. भावाला त्याच काळातल्या तासाच्या मजुरीने भागलं की ती वस्तू किती तास राबून मिळत होती ते कळतं. कॅमेऱ्याचंच घ्या. १८८८ चा कोडॅक २५ डॉलरचा, आत १०० फोटोंची फिल्म. ती संपली की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत यायचे १० डॉलर. फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा जगभर बातमी झाली. त्या गाजलेल्या मजुरीनेसुद्धा कॅमेऱ्याचे पाच दिवस आणि धुण्याचे दोन. (मजुरी सव्वीस वर्षं नंतरची, म्हणजे हिशेबात लबाडी आहेच, पण ती कॅमेऱ्याच्या बाजूची.) १९०० साली कोडॅकचाच ब्राउनी कॅमेरा आला एका डॉलरला. फिल्म १५ सेंटची, फोटो सहा.

सहाच फोटो म्हटल्यावर ते कशावर खर्च होणार? इस्त्रीच्या कपड्यांवर, ताठ उभं राहण्यावर, बारशा-लग्नावर. दुकानात हात लावून परत ठेवलेल्या वस्तूचा फोटो कोण काढतो?

उरला तो सोनेरी रंग, ज्यावर आपण सगळेच भाळतो. कृष्णधवल फोटो पिवळा पडतो तो बरेचदा धुलाईतल्या आळसामुळे. हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन, नीट धुतला गेला नाही की कागदात राहिलेलं गंधक चांदीला लागतं. रंगीत फोटोची तऱ्हा वेगळी. बऱ्याच जुन्या कागदांवर, अल्बमच्या अंधारातसुद्धा, निळसर सियान आधी उडतो. मागे उरतं ते लालसर, उबदार. ती संध्याकाळ तशी नव्हतीच. भर दुपार असेल, घामाची.

चिकट पानांच्या अल्बममधून असे फोटो ओढून काढू नयेत, पापुद्रा निघतो. दात साफ करायचा, मेण नसलेला धागा मागून करवतीसारखा हलकेच फिरवावा. हट्टी असेल तर राहू द्यावा आणि पानासकट स्कॅन करावा. सुटलाच तर तो पालथा घालून, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहावं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. तारीख, गाव, कोण कोण आहे. जमलं तर त्या महिन्याचा पगारही. तो मात्र कुणी लिहीत नाही.