आमदारकी ते राज्यपालपद

आज पुतणीचा नागरिकशास्त्राचा अभ्यास घेत होतो. मध्येच तिनं विचारलं, "काका, आमदार राज्यपाल झाला तर आमदारकीचं काय?"

मला हरिभाऊ बागडे आठवले. १९८५ साली पहिल्यांदा आमदार, २०१४ ते २०१९ विधानसभा अध्यक्ष, आणि ३१ जुलै २०२४ ला राजस्थानचे राज्यपाल. शपथ घेतली की आमदारकी संपते, त्यांची फुलंब्री मतदारसंघाची जागा रिकामी. राज्यघटनेचं कलम १५८. तिनं पेन्सिलीनं तो आकडा दोनदा गोल केला.

"मग आता मतं मागायला नको?"

नको, राष्ट्रपती नेमतात. पण गावोगाव फिरून लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला माणूस त्या खुर्चीत बसतो, तेव्हा मला खरंच बरं वाटतं. हे तिला सांगताना माझाच आवाज जरा भरून आला.