माद्रिदमधलं मुखदर्शन

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी रेइना सोफिया संग्रहालयाच्या दारात उभी, आणि दार बंद. पाटी स्पॅनिशमध्ये होती, पण ‘बंद’ कुठल्याही भाषेत कळतं. भाचीला फोन लावला तर ती हसतच सुटली. “मावशी, मंगळवारी ते बंद असतं, तुला दोनदा सांगितलं होतं!” सांगितलं होतं खरं. पण माझं डोकं ‘फुकट कधी’ या एकाच प्रश्नात अडकलं होतं.

मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवते. भाची लिस्बनला असते. तिच्याकडे आले होते, तिथून एकटीच तीन रात्रींसाठी माद्रिदला गेले. प्रादोचं तिकीट 15 युरो, रेइना सोफियाचं 12, थिसेनचंही तेवढ्याच आसपास. ही तिन्ही संग्रहालयं एकाच भागात, पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत आहेत. आणि तिन्हींना ठरलेल्या वेळी फुकट सोडतात. विमानतळावरून पिवळी एक्सप्रेस बस 5 युरोत थेट आतोचा स्टेशनाशी सोडते, तिथून जवळच लावापिएस भागात मी हॉस्टेलमध्ये खाट घेतली होती. आठ जणींची खोली. घोरण्यात मी एकटी नव्हते.

सोमवारी दुपारी थिसेन. सोमवारी 12 ते 4 कायमचा संग्रह फुकट. चार तास हाती असतात, म्हणून मला विचाराल तर तिघांतला हा सौदा सर्वांत चांगला. होल्बाइनने रंगवलेला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री मी पुस्तकात केवढा तरी मोठा समजत होते, प्रत्यक्षात तो वहीच्या पानाएवढा निघाला. त्याच्यासमोर वाकून उभी राहिले, तर मागच्या आजोबांनी घसा खाकरला.

प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी 6 ते 8 फुकट, रविवारी 5 ते 7. सोमवारीच सव्वापाचला गेले तर रांग चित्रकार गोयाच्या पुतळ्यापासून कोपऱ्याआड वळलेली. पंढरपूरची दर्शनबारी पाहिलेल्या माणसाला त्याचं काय वाटणार? रांग भराभर सरकते. पण माझ्या पाठीवर मोठी सॅक होती, ती आत नेऊ देत नाहीत. ती जमा करायला दुसरी रांग, तिथे पंधरा मिनिटं गेली. दोन तासांतली पंधरा मिनिटं! आत फोटोही काढू देत नाहीत, ते मात्र बरंच आहे.

पहिल्या दिवशी मी मूर्खासारखी दालनामागून दालन धावत सुटले. रुबेन्स, टिशियन, एल ग्रेको, नुसतं मुखदर्शन. बाहेर आले तेव्हा एकही चित्र नीट आठवेना.

म्हणून मंगळवारी, रेइना सोफियाने परत पाठवल्यावर, संध्याकाळी पुन्हा प्रादोला गेले. सॅक हॉस्टेलवर. ठरवलं होतं, दोनच ठिकाणी थांबायचं. पहिलं वेलास्केझचं 1656 सालचं ‘लास मेनिनास’. लांबून राजकन्येच्या झग्यावर चांदीची जर दिसते. जवळ गेलं की जर नाहीच, नुसते घाईने मारलेले फटकारे. मुलांना मी वर्षानुवर्षं ‘नीट रंगवा, बाहेर जाऊ देऊ नका’ सांगत आलेय. दुसरं ठिकाण गोयाची काळी चित्रं, एकूण चौदा. म्हातारपणी त्याने घराच्या भिंतींवरच ती रंगवली होती, पुढे भिंतीवरून काढून कॅनव्हासवर चढवली. त्यात एका कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं, वर नुसती पिवळट पोकळी. तिथे मी वीस मिनिटं होते.

जेवणाचं म्हणाल तर दुपारचा ‘मेनू देल दिया’ स्वस्त पडतो: दोन पदार्थ, पाव, पेय, गोड. पण मी अंड्यापर्यंतच जाते. मसुराची आमटी मागवली तर तिच्यात डुकराच्या सॉसेजचे तुकडे. सॅलड मागवलं तर वर ट्यूना. शेवटी पावात घातलेल्या बटाट्याच्या तोर्तियावर, म्हणजे जाड ऑम्लेटवर, तीन दिवस काढले. पाणी मागताना ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणायचं, नळाचं पाणी फुकट द्यावं असा तिथे कायदाच आहे.

बुधवारी सात वाजता रेइना सोफिया. 7 ते 9 फुकट. पूर्वी हे हॉस्पिटल होतं, कॉरिडॉर अजून तसेच लांबलचक. सरळ पिकासोच्या ‘गेर्निका’कडे गेले. 1937 चं चित्र, जवळजवळ पावणेआठ मीटर लांब. लोकशाही आल्याशिवाय स्पेनला द्यायचं नाही असं पिकासोनं बजावलं होतं, म्हणून ते 1981 पर्यंत न्यूयॉर्कला राहिलं. 2023 पासून फोटो काढू देतात, त्यामुळे पुढे मोबाइलची भिंत. ती हळूहळू विरळ झाली.

पुस्तकात या चित्रातल्या घोड्याच्या अंगावर जो करडा पट्टा दिसतो, तो मी छपाईचा दोष समजत होते. त्या बारीक उभ्या रेघा आहेत, हाताने मारलेल्या, ओळीमागून ओळ. मी त्या मोजायला लागले. नऊला पंधरा मिनिटं असताना रखवालदार बाईंनी दाराकडे हात केला. बाकीचे मजले राहिले ते राहिलेच.