खर्ज कुठे गाळायचा?

दुपारच्या वेळी टेबलावर गिटारचा ट्यूब अँप (काचेच्या ट्यूबांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) उलटा करून ठेवला की काम कमी आणि बघत बसणंच जास्त होतं. नजर आधी जाते ती जाडजूड, रंगीत, महागड्या कपॅसिटरांवर (डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवून सिग्नल पुढे जाऊ देणारे सुटे भाग). गिटारवाल्यांच्या निम्म्या गप्पा त्यांच्याभोवतीच फिरतात: याचा आवाज उबदार, त्याचा रेशमी. आणि पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) बिलगलेला बारका ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्यावर अख्ख्या अँपचा स्वभाव ठरतो, त्याचं नावही कुणी काढत नाही.

फेंडर कंपनीच्या अँपच्या नेहमीच्या मांडणीत १२एएक्स७ या छोट्या ट्यूबच्या कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरड असतो. एवढा मोठा कपॅसिटर गिटारच्या सगळ्यात खालच्या, ८२ हर्ट्‌झच्या सुरालाही अडवत नाही. तो काढून टाकला तर त्या टप्प्याचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) साठच्या आसपास असतो तो थेट तिशीवर येतो, सगळ्याच सुरांसाठी. मार्शल कंपनीच्या सुपर लीड अँपच्या ब्राइट चॅनलमध्ये त्याच जागी २.७ किलोओहम आणि ०.६८ मायक्रोफॅरड. कुठल्या सुराखाली उतार लागतो ते सांगणाऱ्या सूत्रात (१ भागिले २π × रेझिस्टर × कपॅसिटर) आकडे घातले तर ८७ हर्ट्‌झ उत्तर येतं आणि वाटतं, एवढ्याशा फरकानं काय होणार? पण ट्यूब स्वतःही कॅथोडच्या बाजूनं त्या रेझिस्टरला समांतर बसलेली असते. तिचा दीड-एक किलोओहम हिशेबात धरला की पूर्ण गेन मिळतो तो २३० हर्ट्‌झच्या वरच. त्याच्या खाली उतार सुरू. म्हणजे जाड तारांचा बराचसा भार पहिल्याच पायरीवर हलका होतो.

आणि तो तिथेच व्हायला हवा, हा माझा हट्ट. डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडण्याच्या) आधी खर्ज जास्त राहिला की पुढचा टप्पा त्या खर्जानंच भरून जातो; पाम म्यूट केल्यावर, म्हणजे तळहातानं तारा दाबून वाजवल्यावर, ‘चग्ग’ऐवजी ‘भप्प’ ऐकू येतं. मग लोक बेसची खुंटी शून्यावर नेतात. दात दुखतो एक आणि उपटला जातो दुसरा! चिखल झाला आधीच्या टप्प्यात, खुंटी बसलीय त्याच्या पुढे. आधी गाळा आणि शेवटी हवा तेवढा परत द्या. उलट्या क्रमानं हे जमत नाही.

एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला पोचवणाऱ्या कपलिंग कपॅसिटरचंही तेच. पुढे १ मेगाओहमचा रेझिस्टर असेल तर ०.०२२ मायक्रोफॅरडची सीमा ७ हर्ट्‌झवर पडते, ०.००२२ची ७२वर. त्यामुळे ‘खर्ज वाढेल’ म्हणून ०.०२२च्या जागी ०.१ लावणाऱ्याला खर्ज काडीचा वाढून मिळत नाही. मिळतं ते दुखणं. जोरात स्ट्रोक मारला की पुढच्या ट्यूबचा ग्रिड (सिग्नल आत घेणारं टोक) करंट ओढतो, कपॅसिटर उलटा भारला जातो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. तेवढा वेळ ट्यूब जवळजवळ मुकी. सूर गिळला जातो आणि मग उचकी लागल्यागत परत येतो. उपाय दोन: कपॅसिटर लहान करा, किंवा पुढच्या ग्रिडच्या अगदी पायाशी २२० किलोओहम घाला. ४७० घातला तर ट्यूबच्या आतल्या शंभर-सव्वाशे पिकोफॅरडशी मिळून ३००० हर्ट्‌झच्या वरचा ट्रेबल गळायला लागतो. कुणाला तेच आवडतं, असो.

व्हॉल्यूमच्या खुंटीवर बसवलेल्या, ट्रेबलला वाट देणाऱ्या ब्राइट कपॅसिटरबद्दल एवढंच. अँप दोनवर किंचाळतो आणि सातवर गोड होतो, तर स्पीकरला शिव्या देण्याआधी या कपॅसिटरचा एक पाय सोडवून बघा. फेंडरमध्ये तो १२० पिकोफॅरड असतो, काही मार्शलमध्ये तब्बल ५०००. व्हॉल्यूम पूर्ण उघडला की तो असून नसल्यासारखा.

राहिला कपॅसिटर बनवणाऱ्या कंपन्यांचा वाद. दोन ०.०२२ कपॅसिटरांची तुलना करण्याआधी दोन्ही मीटरवर मोजावेत. छापील आकड्यापेक्षा दहा टक्के इकडे-तिकडे चालतात, आणि ‘रेशमी’पणा पुष्कळदा त्या दहा टक्क्यांतच निघतो. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरच्या गोडव्याचंही असंच. तो गोडवा रेझिस्टरवर सिग्नलचा व्होल्टेज मोठा असेल तिथेच, म्हणजे फेज इन्व्हर्टरपाशी (पॉवर ट्यूबांसाठी सिग्नलच्या दोन उलट-सुलट प्रती करणाऱ्या टप्प्यापाशी), जाणवला तर जाणवेल. पहिल्या ट्यूबच्या प्लेटवर (वाढवलेला सिग्नल बाहेर येतो त्या टोकावर) सिग्नल जेमतेम, डीसी मात्र भरपूर. तिथे त्याच्याकडून फक्त सूं आवाज आणि खरखर मिळते. तिथे १०० किलोओहमचा मेटल फिल्म लावावा, आणि तोही निदान अर्ध्या वॅटचा. उष्णतेसाठी पाव वॅटही पुरतो, पण बारक्या रेझिस्टरची व्होल्टेज सोसण्याची मर्यादा तोकडी असते.

खरा दोषी कपॅसिटर रेशमी-खरबरीत काही नसतो, गळका असतो. ग्रिडकडचा पाय सोडवायचा, अँप चालू करून त्या पायावरचा डीसी मोजायचा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तरी तो बाद. पॉवर ट्यूबच्या आधी असा गळका बसला असेल तर प्लेटा लाल व्हायला लागतात.

हे सगळं ज्या डब्यात करायचं, त्यात प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठ्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) चारशेच्या वर व्होल्ट दडलेले असू शकतात, आणि ते जीव घेऊ शकतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा जोडाव्यात. आधी एक टोक चेसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला), मग दुसरं प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला, पाच-दहा सेकंद. मग मीटर लावून खात्री करायची. थोड्या वेळानं पुन्हा मोजायचं, कारण रिकामा केलेला कपॅसिटर आपोआप काही व्होल्ट परत चढतो. म्हणून काम संपेपर्यंत ती क्लिप लावूनच ठेवावी. अँप चालू करण्याआधी तेवढी आठवणीनं काढावी. नाहीतर पहिला धूर तिच्यातल्या रेझिस्टरचाच.