बहात्तर पाइंटांचं गणित

लंडनच्या किलबर्न भागातला कार्ल्टन टॅव्हर्न बाहेरून शंभर वर्षांचा वाटतो, पण इमारत नवी आहे. मूळ पब बिल्डरने २०१५ मध्ये परवानगी न घेता पाडला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसाच पुन्हा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो उघडला. भिंती अशा परत मिळाल्या, तरी पबचा जीव तळघरात असतो.

जुन्या पबात शिरलो की मी आधी काउंटरवरचे हातपंप बघतो. त्यांतून येते ती कास्क एल, पिंपातच मुरणारी बिअर. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंटांचं; पाइंट म्हणजे बिअरचा एक मोठा पेला. तळघरात ११ ते १३ अंशांवर ते आडवं ठेवतात आणि वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची मऊ खुंटी ठोकतात. जादा वायू तिथून निघून जातो, यीस्टचा गाळ तळाला बसतो. रात्री बंद करताना मऊ खुंटीच्या जागी कठीण खुंटी बसवायची, नाहीतर उरलासुरला वायूही जातो आणि बिअर मिळमिळीत होते. पिंप बरंचसं रिकामं झालं की मागून अगदी हळू उचलायचं. शेवटच्या क्षणी घाईने कललं, तर गाळ ढवळून पेला गढूळ येतो.

पंप ओढला की जेवढी बिअर बाहेर, तेवढी हवा आत. पिंप तीनेक दिवसांत संपलं नाही तर चव उतरते, पुढे पुढे थेट व्हिनेगर. मंगळवारी दुपारी चार टाळकी बसलेल्या पबात ७२ पाइंट खपणार कसे? मग चार पंपांचे दोन होतात, नंतर नुसती केग, म्हणजे धातूच्या बंद पिंपातली बिअर. ती दाबाच्या वायूवर चालते आणि जास्त टिकते. कास्कसाठी येणारी जुनी मंडळी तेवढ्यात पांगलेली असतात.

असे पब बंद का पडतात विचारलं की सगळे २००७ च्या धूम्रपानबंदीकडे बोट दाखवतात. मला ते अर्धंच पटतं. १९८९ च्या सरकारी आदेशाने मोठ्या ब्रुअऱ्यांची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांची, पबांवरची पकड सैल झाली खरी, पण त्यातले कितीतरी पब नव्या पब-कंपन्यांनी उचलले. तिथे पब भाड्याने चालवणाऱ्याला बिअर सहसा त्या पब-कंपनीकडूनच घ्यावी लागते, तीही बऱ्याचदा चढ्या दराने. त्यात सुपरमार्केटातली स्वस्त बिअर.

जाणार असाल तर ऑर्डर काउंटरवरच द्या. चवीपुरतं घोटभर मागायला लाजू नका. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल, तर ती बिअर संपलेली. आंबट लागली तर पेला परत करा, सहसा बदलून देतात. आणि पाच पंप असलेला पब रिकामा दिसला, तर आपली बाटलीतली घ्या.