भाकरीतली साखर

कडक भाकरीचा शेवटचा तुकडा शेंगाचटणीचा कणही लागू न देता तोंडात घोळवत बसायची मला खोड आहे. आज दुपारीही बाकीचे हात धुऊन उठले तरी मी पाटावरच होतो. तो तुकडा आधी कुरकुरीत लागतो, मग त्याचा पिठूळ लगदा होतो आणि बऱ्याच वेळाने जिभेला अंधूक गोडवा जाणवू लागतो. हा गोडवा भाकरीत कोणी घातलेला नसतो. लाळेतले अमायलेज नावाचे विकर स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडत जाते आणि दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या, म्हणजे माल्टोज, मोकळे करते. भराभर जेवणाऱ्यांना याचा पत्ताच लागत नाही.

हीच गोष्ट उलट्या दिशेने पाहायची असेल तर थंडीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जावे. लहानपणी मामांच्या शेतात आगटीभोवती बसलो की मामी भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातांवर चोळून, फुंकर मारून फोलपटे उडवीत असे आणि हिरवे दाणे आमच्या ओंजळीत टाकीत असे. कणीस खुडण्याआधी मामा एक दाणा नखाने दाबून पाहत. चीक आला तर कणीस आगटीकडे येई. दाणा घट्ट लागला तर "निबर झालंय, राहू दे," म्हणून ते पुढच्या धाटाकडे वळत. त्या नखाला जे कळत होते ते मला फार पुढे पुस्तकात सापडले. पानांत तयार झालेली साखर सुक्रोजच्या, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या जोडीच्या रूपाने कणसाकडे येते. दाणा तिच्यापासून ग्लुकोज मिळवून एकापुढे एक जोडत जातो, दर जोडणीमागे पाण्याचा एक रेणू हिशेबातून वजा होतो, आणि हजारो ग्लुकोजचा जो स्टार्च उभा राहतो तो मुळीच गोड लागत नाही. हुरडा म्हणजे हे काम पुरे होण्याआधीच खाल्लेला दाणा. त्याच्याबरोबर गूळ आणि रेवड्या पुढे करणाऱ्यांचे मला नवल वाटते. ज्याची स्वतःची साखर अजून शाबूत आहे, त्याला उसनी कशाला?

खरे आश्चर्य मात्र कडब्याचे आहे. धाटातले सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनलेले असते. स्टार्चमध्ये सगळे ग्लुकोज एकाच कलाने जोडलेले असतात, म्हणून साखळी वळसे घेते. सेल्युलोजमध्ये एकाआड एक ग्लुकोज उलटे बसते, म्हणून साखळ्या ताठ राहतात आणि एकमेकींना घट्ट बिलगतात. एवढ्याशा फरकाने दाणा माणसाचा आणि कडबा बैलाचा झाला. तो कडबा बैलालाही स्वतःच्या बळावर पचत नाही, त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. कापूस तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोज आहे, म्हणजे आपली सोलापुरी चादरही ग्लुकोजचीच विणलेली म्हणायची. तिचे टोक कितीही चघळले तरी गोड लागत नाही, याची खात्री मी बालपणीच करून घेतली आहे.

हे सगळे अण्णांना समजावण्याचा माझा प्रयत्न चालू असतो. मधुमेह निघाल्यापासून त्यांनी चहातली साखर कटाक्षाने सोडली, पण भाकऱ्या मोजून खायला ते राजी नाहीत. गव्हाच्या पोळीपेक्षा ज्वारी बरी, हे त्यांनी कोठेतरी ऐकले आहे आणि तेवढेच लक्षात ठेवले आहे. भाकरीतल्या तंतूंमुळे वेळ थोडा अधिक लागला तरी तिच्यातला स्टार्च अखेर ग्लुकोज होऊनच रक्तात उतरतो, असे मी म्हटले की ते म्हणतात, "ज्वारीनं कधी कुणाला साखर झाली का?" आणि आणखी अर्धी वाढून घेतात. पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. डॉक्टरांनी सांगितले तर कदाचित ऐकतील.