पाणगवताच्या कडेने मरळ: कयाक आणि सॉफ्ट प्लास्टिक

मरळ थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळते, म्हणून हायड्रिला या पाणगवताच्या गचपणातही तिचं छान भागतं. शिवाय खायला बेडूक आणि बारीक मासळी तिथेच. पण ल्युअर (नकली आमिष, इथे सॉफ्ट म्हणजे मऊ प्लास्टिकचं) टाकायचा तो गचपणाच्या पोटात नव्हे. गवत संपून मोकळं पाणी सुरू होतं ती कड, गवतातली भोकं आणि आत शिरलेल्या अरुंद वाटा, एवढ्याच जागी फेकायचं. आणि ते नीट फेकता येणार की नाही, हे ल्युअरच्या रंगापेक्षा कयाक (वल्ह्याची निमुळती होडी) कुठे उभी आहे यावर ठरतं. रंगांवर तासन् तास वाद घालणारे बहुतेक जण कयाक गवतावर नेऊन ठेवतात आणि मासा बिथरवून पळवतात.

कयाक कडेपासून पंधरा-वीस मीटर बाहेर ठेवा आणि कास्ट (ल्युअरची फेक) कडेला समांतर करा. गवताकडे सरळ फेकलं तर ल्युअर कामाच्या पट्ट्यात जेमतेम दोन मीटर राहतो. समांतर फेकलं तर ओढून घेताना तो जवळजवळ सगळा वेळ कडेनेच येतो. वारा गवताच्या दिशेने असेल तर थांबवायची सोय हवीच. दीड किलोचा घडीचा नांगर चालतो, पण हायड्रिलात तो भाराभर गवत घेऊन वर येतो आणि त्या खळबळीत मासा पांगतो. चार-पाच फूट पाण्यात आठ-नऊ फुटी बांबू गाळात रोवून कयाकचं टोक त्याला बांधणं उत्तम. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. मध्यावर बांधली की कयाक वाऱ्याला आडवी होते आणि उलटायला निमित्त मिळतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, सीटमागे नको. तळावर जुनी फोमची चटई अंथरा, नाहीतर हातातून पक्कड पडली की ढोल वाजतो.

रॉड (गळाची काठी) सात फुटी, मीडियम हेवी. ब्रेड (विणलेली लाइन) ३० ते ५० पाउंड, पुढे हुकपर्यंत हातभर ४० पाउंडचा लीडर (जोडधागा). चार इंची पॅडल टेलला (वल्ह्यासारख्या शेपटीच्या प्लास्टिकला) ४/० मापाचा रुंद पोटाचा ऑफसेट हुक (डोळ्याजवळ मुरड असलेला गळ), पाच इंचीला ५/०. उथळ पाण्यात पोटाशी तीन-साडेतीन ग्रॅम वजन असलेला हुक घ्या, म्हणजे प्लास्टिक आडवं, सावकाश बुडतं. कड खोल असेल तर पाच ते सात ग्रॅमचं बुलेट सिंकर (गोळीच्या आकाराचं वजन), आणि ते रबरी स्टॉपरने नाकाशी घट्ट. सैल सोडलं तर सिंकर गवताच्या एका बाजूने जातो आणि ल्युअर दुसऱ्या.

हुक लावणं हाच खरा हातखंडा. हुकचं टोक प्लास्टिकच्या नाकात सरळ घुसवा, सात-आठ मिलीमीटरवर पोटाकडून बाहेर काढा, हुक फिरवून त्याचा डोळा (लाइन बांधायचं भोक) नाकात बसेपर्यंत ओढा. आता हुक प्लास्टिकशेजारी धरून बाक कुठे येतो ते नखाने खुणा, तिथूनच पोटातून पाठीकडे आरपार काढा, आणि टोक पाठीच्या सालीत तांदळाच्या दाण्याएवढं लपवा. खूण मागे गेली तर प्लास्टिकला कुबड येतं, पुढे आली तर ते ताणलं जातं. दोन्हींत ते भोवऱ्यासारखं फिरतं आणि लाइनला पीळ पडतो. टोक उघडं राहिलं तर प्रत्येक वेळी ओढताना गवत. फार खोल गेलं तर मासा चावतो, पण हुक बसत नाही.

ल्युअर गवताच्या शेंड्यांवरून हळू आणा. अडकला की झटका देऊ नका, रॉडच्या टोकाने हलके थरथरवा. गवतावरून सुटून भोकात पडला की क्षणभर बुडू द्या. मासा बहुधा तिथेच चावतो.

कयाकवर बसल्या बसल्या रॉड वर उचलून स्ट्राइक (हुक रुतवायचा झटका) पुरता बसत नाही. आधी ढिली लाइन गुंडाळा, मग रॉड आडवा, कमरेतून जोरात ओढा. ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीळचा ब्रेक) जवळपास पूर्ण आवळून ठेवा, कारण कयाक स्वतःच ड्रॅगचं काम करते. दोन किलोची मरळसुद्धा कयाकचं नाक गवताकडे वळवते. ती आत शिरलीच तर रॉड वाकवून ताकद लावू नका, ब्रेड देठांना कापत आणखी रुतते. लाइन ताठ ठेवून वल्हवत जवळ जा आणि गवत हाताने बाजूला करा. फिश ग्रिप (माशाचा जबडा धरायचा चिमटा) आणि लांब पक्कड हाताशी असू द्या. ओली, उसळणारी मरळ मांडीवर घेऊन हुक काढणं म्हणजे आपल्याच बोटात गळ घालून घेणं.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका फुटताना दिसला, तर खाली आई-बाप राखण करत असतात. चिडून ते काहीही चावतात, म्हणूनच तिथे ल्युअर टाकू नये. आपल्याकडे बऱ्याच तलावांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. पाण्यात उतरण्याआधी विचारून घ्या, जाळी कुठे लावलीत तेही कळतं.

वेगवेगळ्या जातीची प्लास्टिकं एका डबीत कोंबू नका. विशेषतः जास्त ताणली जाणारी, तरंगणारी नेहमीच्या मऊ प्लास्टिकला चिकटून दोन्ही वितळतात. फाटलेलं नाक सुपरग्लूच्या थेंबाने जुळतं. कयाक गाडीवर चढवण्याआधी तळाला आणि नांगराला लागलेला हायड्रिला तिथेच सोडवा, कारण पेराचा एक तुकडा दुसऱ्या तलावात पडला तरी तो रुजतो.