येळ्ळूरच्या गडावरचा पाऊस

‘किल्ला’ मी 2015 ला थेटरात बघितला, बायको-पोराला घेऊन. पावसातल्या त्या किल्ल्याचा सीन आला तेव्हा पोरगं पॉपकॉर्न खायचं थांबलं आणि मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीच असणार. चिन्मय अकरा वर्षांचा, वडील गेलेले, आईची बदली झाली म्हणून पुण्याहून कोकणात आलेला. नवे दोस्त मिळतात, बंड्या आणि त्याची गँग, सगळे सायकली मारत किल्ल्यावर जातात, पाऊस धो धो सुरू होतो आणि हा आत एकटाच राहतो. बाहेर येऊन बघतो तर बाकीचे गेलेले. हाका मारत फिरतोय बिचारा. दिग्दर्शक अविनाश अरुणनं तो पाऊस असा काय टिपलाय की एसी थेटरात पण कपडे ओले झाल्यासारखं वाटतं.

सगळं थेटर चिन्मयच्या बाजूनं. मीही असायला पाहिजे होतो, खरं मला (आमच्या बेळगावात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, पुण्याचे पाव्हणे उगाच पुढचं काय खरं सांगतोय म्हणून वाट बघत बसतात) त्या पळून गेलेल्या पोरांचंच सुचत होतं. घरी जाऊन ती काय जेवली असतील, आईला काय सांगितलं असेल. कारण मी त्यांच्यातला.

आमचा किल्ला म्हणजे येळ्ळूरचा गड. पाटीवर राजहंसगड, बोलताना येळ्ळूरचा गड. आता वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय, 2023 ला शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा बसला, त्याचं उद्घाटन एकाच आठवड्यात दोनदा झालं, दोन पार्ट्यांनी वेगवेगळं. असो. 1988 ला तिथं तटबंदी, सिद्धेश्वराचं देऊळ, गवत आणि धुकं, बस्स. आम्ही चौघं वडगावातनं भाड्याच्या हाफ सायकली काढून निघालो, अर्ध्या दिवसाच्या बोलीवर. पाचवा कांड्या, त्याच्याकडं सायकलीचे पैसे नव्हते म्हणून आमच्यातल्या थोरल्याच्या मागं डबलसीट.

कांड्या हे काय त्याचं खरं नाव न्हवे. त्यांच्या घरी माग होते, शाळेतनं आला की हा आईसोबत कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरत बसायचा, खिशात कायम दोन-तीन रिकाम्या कांड्या खुळखुळायच्या म्हणून सगळी गल्ली कांड्या म्हणायची. वडगाव-शहापूर म्हणजे विणकरांचा भाग, दिवसभर मागांचा खडखडाट, तो थांबला की आम्हाला कळायचं लाईट गेली. घरी कानडी, शाळा कानडी, आणि आमच्यासोबत मराठी, ते पण असं की शिव्या आमच्यापेक्षा बऱ्या द्यायचा. चिन्नीदांडूत, म्हणजे विटीदांडूत, त्याच्यासारखा टोला कुणाचा नव्हता.

तर गडावर पाऊस आला. येळ्ळूरकडचा पाऊस बघितलाय काय कुणी, तो पडत नाही, आडवा येतो, पाच मिनिटांत समोरचा माणूस दिसायचा बंद. आम्ही देवळात शिरलो, कांड्या तिकडं तटाच्या टोकाला काहीतरी बघत उभा होता. थोरल्याच्या हातात त्याच्या काकाचं एचएमटीचं घड्याळ, ते बघून म्हणाला दुकानवाला जास्तीचे पैसे लावणार, चला. एकानं विचारलं, कांड्या? थोरला म्हणाला, ‘ते कानडी येतंय की मागनं.’

आणि आम्ही हसलो. हेच मला नीट आठवतं, की मी पण हसलो. 1986 चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन होऊन दोन वर्षं झाली होती, घरात मोठी माणसं हळू आवाजात काय काय बोलायची, त्यातलं आम्हाला कळायचं थोडं आणि चिकटायचं जास्त. त्या दिवसापर्यंत कांड्याला कुणी कानडी म्हणालं नव्हतं. कांड्या हा कांड्या होता.

सायकली उतारावर सोडल्या. मागनं हाक आली, आधी मराठीत, ‘थांबा की रे’, मग जरा लांबनं ‘ले, निल्रो!’ घाबरल्यावर माणूस आपल्या भाषेत येतो. मी एकदा मागं बघितलं, धुक्यात काय दिसलं नाही. माझं कॅरिअर रिकामं होतं. उतारावर ते कॅरिअर असं खडखडत होतं की येळ्ळूर गाव येईपर्यंत मला दुसरं काही ऐकायला आलं नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला तो घरी आला म्हणे, आईनं मार दिला म्हणे. दुसऱ्या दिवशी खिशात कांड्या घालून परत खेळायला हजर. ना भांडण ना काय. पुढं सातवीनंतर तो मागावर बसला आणि मी हायस्कूलला गेलो, संपलं.

म्हणून मला ह्या असल्या पिक्चरांचं जरा वावडंच आहे. दिग्दर्शक आपल्याला अलगद उचलून त्या एकट्या पडलेल्या पोराच्या शेजारी नेऊन बसवतो आणि आपण रुमाल काढून बाहेर येतो, सगळ्यांनाच वाटतं आपण चिन्मय. मग बंड्या कोण होतं? थेटरात पाचशे चिन्मय आणि एक पण बंड्या नाही, असं कसं होईल? एक ‘फँड्री’ तेवढा सोडत नाही. त्यात शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. नागराज मंजुळेंना बरोबर माहिती होतं खुर्चीत कोण बसलंय.

तर गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटवर अडकलो होतो, मालगाडी होती, कधी नाही ती एवढी लांब. शेजारच्या स्कूटरवर रेनकोटातला माणूस माझ्याकडं बघून हसायला लागला. कांड्या! केस गेलेले, माग विकून आता कुठंतरी सुपरवायझर. काय करायलास, पोरं काय करायलीत, सगळं झालं, गाडी संपेना, मग विषय पिक्चरवर. म्हणाला रिषभ शेट्टीचा तो कासरगोडच्या शाळेचा बघितलास काय? 2018 चा तो. कासरगोड 1956 ला केरळात गेलं, तिथली कानडी शाळा बंद पडायला आलीय आणि पोरं ती वाचवायला बघतात. ‘तुमच्यासारखंच हाय बघ त्यांचं, फक्त उलटं,’ असं म्हणून स्वतःच मोठ्यानं हसला. मी तो बघितला होता. कानडी शाळेसाठी डोळ्यांत पाणी आलं होतं, हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं.

मग म्हटलं आता विचारूनच टाकू. छत्तीस-सदतीस वर्षं झाली.

‘तुला येळ्ळूरचा गड आठवतो काय रे? पावसात राहिलेलास ते?’

‘आठवत नाही काय! लई रडलो बा. खाली गावात एक आज्जी भेटली, तिनं चुलीपुढं बसवलं, गरम भात आणि वर आमटी, अजून तोंडात चव हाय. मग बैलगाडीत बसवून दिलं.’ जरा थांबला, हेल्मेटची काच वर केली, माझ्याकडं नीट बघितलं.

‘खरं तू होतास काय रे त्यात?’

गेट उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले.